कुलोमीटर: आठ महिने, सहाशे नमुने

फेब्रुवारीत कुलोमीटर, म्हणजे लागलेल्या विजेवरून कार्बन मोजणारं मशीन, आलं. अरबी समुद्राच्या तळाच्या गाळाचे सहाशेएक नमुने झाले, म्हणून आता लिहितो.

असेंद्रिय कार्बनसाठी, म्हणजे चुन्यातल्या (कॅल्शियम कार्बोनेटमधल्या) कार्बनसाठी, याला तोड नाही. वीस-तीस मिलिग्रॅम पूड नळीत घ्यायची, आम्ल सोडायचं. चुन्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड सेल नावाच्या भांड्यातल्या निळ्या द्रावणात जातो, द्रावण फिकं पडतं, मशीन वीज सोडून ते परत निळं करतं. किती वीज लागली त्यावरून कार्बन. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लावलं की १२ टक्के यायलाच हवेत, आणि येतात. नमुन्याच्या आकड्याला ८.३३ ने गुणलं की कार्बोनेट मिळालं. आधी आम्ही सेंद्रिय भागासाठी ५५० आणि चुन्यासाठी ९५० अंशांवर जाळून वजनातली घट बघायचो. चिकणमातीतलं पाणीही त्यात मोजलं जायचं आणि सेंद्रिय भाग उगाच फुगायचा.

तक्रार आहे ती सेंद्रिय कार्बनची. विक्रेता म्हणाला, एकूण कार्बन भट्टीत मोजा, असेंद्रिय वजा करा, झालं! समुद्रतळाच्या उतारावरच्या, ऑक्सिजन कमी असलेल्या पट्ट्यातल्या, सेंद्रिय भाग भरपूर असलेल्या काळपट गाळाला हे चालतं. पण फोरॅमिनिफेरांच्या (समुद्रातल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या) कवचांनी पांढरट झालेल्या गाळात एकूण कार्बन ९.० टक्के, असेंद्रिय ८.६. दोन्हीकडे ०.१ ची चूक उलटसुलट पडली तर हाती आलेल्या ०.४ मधले निम्मे गेले. एकदा तर उत्तर उणे आलं. आता असे नमुने चांदीच्या कपात घेऊन थेंबथेंब आम्ल घालतो, चुना गेला की तिथेच सुकवतो आणि एलिमेंटल ॲनालायझरला, म्हणजे नमुना जाळून त्यातला कार्बन थेट मोजणाऱ्या यंत्राला, देतो. धुवायचं मात्र नाही, विरघळणारा सेंद्रिय भाग पाण्याबरोबर जातो.

पुण्याच्या पावसाळ्याचा हिशोब मॅन्युअलमध्ये नाही. गाळात समुद्राचं मीठ असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. जुलैत ओव्हनमधली पूड काट्यावर ठेवली की आकडा डोळ्यांदेखत चढायचा: २०.१, २०.२, २०.४ मिलिग्रॅम… आता डेसिकेटर, म्हणजे नमुने कोरडे ठेवणारं बंद भांडं, काट्याला चिकटूनच असतो. गुरुवारी लाइट जाते, त्या दिवशी भट्टी लावतच नाही.

सेलचं द्रावण रोज नवं लागतं. कोटेशनमध्येच वर्षभराचं घालून घ्या. आम्ही विसरलो, आणि मेच्या सुमारास पाच आठवडे मशीनवर कापड टाकून बसलो.