ग्लासातलं पाणी तपकिरी झालं म्हणून मेम्ब्रेन गेली असं नसतं

इंदूरच्या रामबाग, सुदामानगर भागात दुपारी अकरा ते चारमध्ये बेल वाजते. घरी बहुधा वयस्कर माणसंच असतात. गळ्यात कार्ड, हातात काळी बॅग, आणि आरओच्या ‘फ्री चेकअप’साठी कंपनीने पाठवल्याचा दावा. कधी दोन दिवस आधी फोनही आलेला असतो: ‘आपकी सर्विस ड्यू है माताजी.’ मग ओट्यावर दोन ग्लास मांडले जातात, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत सळयांचं एक यंत्र बुडवून प्लग लावला, की मिनिटभरात नळाचं पाणी गढूळ तपकिरी होतं आणि वर शेवाळी फेस येतो. ‘देखिए, ये पी रहे थे आप.’

तो रंग पाण्यातून आलेला नसतो, सळयांतून आलेला असतो. यंत्रात लोखंडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सळया असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी, म्हणून वीज जवळजवळ वाहत नाही आणि ग्लास स्वच्छ दिसतो. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तोही तपकिरी होतो. बहुतेक जण इथेच बॅग आवरायला लागतात. (यंत्र मेन लाइनवर चालतं, ग्लासात बोट घालू नका.) दुसरा खेळ थेंबांचा. थेंब टाकले की नळाचं पाणी पिवळं होतं, पण ती क्लोरिनची खूण आहे. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरिन उरायलाच हवं, भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम. आणि जंतू आहेत की नाहीत हे या दोन्हींपैकी एकाही खेळात कळत नाही.

खरी लूट मात्र टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरने होते, कारण मीटर खरा असतो आणि आकडाही खराच. फसवणूक पाणी कुठलं आणि कधीचं, यात असते.

रात्रभर बंद असलेल्या मशीनमध्ये मेम्ब्रेनच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या, एका बाजूचे क्षार हळूहळू पलीकडे सरकतात. सकाळचा पहिला ग्लास म्हणूनच जास्त आकडा दाखवतो. नेमका तोच मोजला जातो. दुसरं, बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस अ‍ॅडजस्टर नावाचा छोटा स्क्रू असतो, जो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळू देतो. झाकण काढून ‘बघतो’ म्हणत तो दोन वेढे उघडला, की 40 चा आकडा 150 वर जातो आणि ‘मेम्ब्रेन फट गया’ असा निकाल लागतो. तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. जलूदच्या पंपिंग केंद्रातून येणारं नर्मदेचं पाणी अनेक भागांत एक दिवसाआड येतं, आणि हौदात बोअरचं पाणीही मिसळलेलं असतं. बोअरच्या पाण्यात क्षार कितीतरी जास्त. बसवतानाच्या कार्डावरचा आकडा नर्मदेच्या दिवसाचा आणि आजचा बोअरच्या दिवसाचा असेल, तर मशीन ठणठणीत असूनही फरक दिसणारच.

म्हणून स्वतःचा मीटर घ्या. दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. टोक धुऊन पुसून घ्या, मिठाचा हात लागला तर आकडा उडतो. अ‍ॅडजस्टर पूर्ण बंद करा, मशीन दहा मिनिटं चालवून तेवढं पाणी टाकून द्या. मग टाकीच्या नळाऐवजी मेम्ब्रेनमधून येणाऱ्या पातळ पाइपचं पाणी मोजा, आणि त्याच वेळी नळाचंही. नळ 800, शुद्ध 60 असेल, तर 740 भागिले 800, म्हणजे साडेब्याण्णव टक्के क्षार अडले. मेम्ब्रेन उत्तम. ऐंशी टक्क्यांच्या खाली आलं तरच बदलायचा विचार. आकडे तारखेसकट मशीनच्या दारावर लिहून ठेवा.

पाणी कमी येतंय ही वेगळी तक्रार, आणि तीही मेम्ब्रेनच्या माथी मारली जाते. आधी बाहेरच्या बाउलमधली स्पन, म्हणजे गाळ अडवणारी गाळणी बघा. दहा इंची, 5 मायक्रॉनची स्पन शे-दीडशे रुपयांत मिळते आणि घरी बदलता येते: प्लग काढा, इनलेट कॉक बंद करा, बाउल पान्याने खालून बघताना घड्याळाच्या उलट फिरवा. ओ-रिंग पुसून खाचेत नीट बसवा, नाहीतर रात्री ओटा भिजतो. मग वेस्टचा, म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याचा पाइप एक मिनिट मापात धरा. एफआरवर (फ्लो रिस्ट्रिक्टर, वेस्टचं पाणी अडवून दाब तयार करणारा छोटा भाग) 450 लिहिलं असेल, तर साधारण तेवढेच मिली यायला हवेत. खूप कमी म्हणजे एफआर तुंबलाय आणि मेम्ब्रेनवर क्षार साचणार. खूप जास्त असेल तर दाबच तयार होत नाही, शुद्ध पाणी कमी येणारच. मशीन बंद असतानाही वेस्ट वाहतंय? मग एसव्ही, म्हणजे मशीन बंद झालं की पाणी थांबवणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बघा. या दोन्हींना मेम्ब्रेनच्या तुलनेत किरकोळ पैसे लागतात.

मेम्ब्रेन खरंच बदलायची असेल, तर ती सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघायला हवी. घरगुती नवी मेम्ब्रेन बहुधा कोरडी आणि हलकी असते. ओली, जड, कडेला पिवळट डाग असलेली म्हणजे बहुधा धुऊन पुन्हा पॅक केलेली. बसवताना दोन बारीक ओ-रिंगचं टोक आधी आत जातं आणि काळं रबर झाकणाकडे राहतं. उलटी बसली तर पाणी बाजूने निसटतं. एफआरही त्याच वेळी नवा घ्या. पहिली टाकी पूर्ण ओतून द्या.

वार्षिक कराराचे पैसे कुणाच्या वैयक्तिक क्यूआरवर पाठवू नका. कंपनीचा नंबर मशीनवरच्या स्टिकरवरून किंवा बिलावरून घ्या, नेटवर शोधून वर दिसलेला नको. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 वर फोन, सेवेची तक्रार ग्राहक हेल्पलाइन 1915 वर.

आणि जुनी मेम्ब्रेन बदलायला आलेल्याच्या बॅगेत जाऊ देऊ नका, तीच धुऊन दुसऱ्या घरी नवी म्हणून विकली जाते. नव्या मेम्ब्रेनच्या हाउसिंगवर, म्हणजे ती बसते त्या नळीवर, मार्करने तारीख टाका, पण बाहेरून दिसणार नाही अशी. पुढच्या वेळी दारात आलेला म्हणेल, ‘तीन साल से बदली नहीं है.’ त्याला आधी बोलू द्या.