सेटलमेंटचा पैसा: कंपनीचा माल, व्हाउचर की थेट खात्यात?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांना क्लास अ‍ॅक्शनच्या (म्हणजे अनेक ग्राहकांच्या वतीनं एकत्र चालणाऱ्या दाव्याच्या) नोटिसा येतात आणि बरेच जण जाहिरात समजून डिलीट करतात, पण सेटलमेंट (दावा मिटवायची तडजोड) घ्यायचं, बाहेर पडून आपला वेगळा दावा करायचा की कोर्टात हरकत नोंदवायची हे त्यावरच ठरतं. ठरवताना एकूण आकड्याला भुलू नका, पैसा कुठे आणि कोणाच्या मर्जीनं जाणार ते बघा.

मायक्रोसॉफ्टचंच घ्या. विंडोजचे जास्त पैसे उकळले म्हणून ग्राहकांनी केसेस केल्या, तर नोव्हेंबर २००१ मध्ये कंपनी म्हणाली आम्ही गरीब शाळांना एक अब्ज डॉलरच्या वर मदत करतो, आणि त्यात मोठा वाटा कशाचा तर स्वतःच्याच सॉफ्टवेअरचा! अहो, आणखी एक कॉपी काढायला कंपनीला खर्च जवळपास शून्य, हिशोबात किंमत मात्र भरघोस, वर पोरं शाळेपासूनच विंडोजवर तयार होणार. अ‍ॅपलनं विरोध केला, रेड हॅट कंपनी म्हणाली विंडोजला पर्याय असलेली आमची लिनक्स सिस्टिम आम्ही शाळांना फुकट देतो, तुम्ही तो पैसा हार्डवेअरवर घाला. जानेवारी २००२ मध्ये बाल्टिमोरचे जज मोट्झ यांनी ते सेटलमेंट फेटाळलं आणि अगदी योग्य केलं, मक्तेदारीच्या गुन्ह्याची भरपाई मक्तेदारी वाढवून कशी होईल?

मायक्रोसॉफ्टचंच २००३ चं कॅलिफोर्नियाचं सेटलमेंट बरंच बरं होतं. १.१ अब्ज डॉलरपर्यंतची व्हाउचर्स, ती कुठल्याही कंपनीच्या कॉम्प्युटरवर किंवा सॉफ्टवेअरवर चालणार, आणि कोणी न मागितलेल्या रकमेतला दोन तृतीयांश भाग गरजू सरकारी शाळांना. खोट एवढीच की एका प्रॉडक्टमागे ५ ते २९ डॉलर, तेवढ्यासाठी फॉर्म कोण भरत बसणार, आणि उरलेला एक तृतीयांश कंपनीकडेच.

तिसरा प्रकार अ‍ॅपलच्या ई-बुक केसचा. प्रकाशकांशी संगनमत करून किमती चढवल्या म्हणून ४०० दशलक्ष डॉलर, आणि जून २०१६ मध्ये बहुतेकांच्या ई-बुक दुकानाच्या खात्यात (बँकेच्या नव्हे) आपोआप क्रेडिट आलं, बेस्टसेलरमागे ६.९३ डॉलर, फॉर्मची कटकट नाही.

माझं मत विचाराल तर खरेदीची नोंद कंपनीकडे असेल तर तिसराच प्रकार मागा, नोंद नसेल तर कॅलिफोर्नियासारखा चालेल, पण भरपाई म्हणून कंपनीचाच माल गळ्यात मारत असतील तर मुदतीत हरकत नोंदवाच. बाहेर पडायचा विचार नुकसान मोठं असेल तरच करा, कारण मग वकील आणि खर्च सगळा तुमचा.