संपूर्ण गव्हाचे पीठ: हिवाळ्याच्या शेवटी सुरू केलेल्या प्रयोगांनंतरचे परीक्षण

गेल्या पंधरवड्यात खिडकीबाहेरच्या उघड्या फांद्यांवर डोळे फुगू लागले, पहाटेची किलबिल आधीपेक्षा लवकर ऐकू येऊ लागली, आणि त्याच सुमारास ओट्यावर झाकून ठेवलेले ब्रेडचे पीठ नेहमीच्या वेळेच्या तासभर आधी भांड्याच्या काठाला येऊन टेकले. थंडीचे महिनेभर मी त्याच भांड्यात, त्याच प्रमाणात पीठ भिजवत होते, त्यामुळे हा फरक चटकन लक्षात आला. ज्या पिठाविषयी हे लिहीत आहे, त्याची परीक्षा अशी बदलत्या ऋतूत झाली, आणि तसे झाले हे बरेच झाले.

हे पीठ दगडी जात्यावर दळलेल्या संपूर्ण गव्हाचे आहे. गव्हाच्या दाण्यात वजनाने साधारण ८३ टक्के पिष्टमय गर, १४ ते १५ टक्के कोंडा आणि २ ते ३ टक्के अंकुर असतो. मैद्यात यांपैकी गर तेवढा उरतो, तर या पिठात तिन्ही भाग जागेवर राहतात. १०० ग्रॅम मैद्यात तंतुमय पदार्थ ३ ग्रॅमच्या आसपास असतात, संपूर्ण पिठात मात्र ते १० ग्रॅमच्या घरात जातात. घरी भाजलेले पदार्थ अधिक पौष्टिक व्हावेत, एवढ्याच हेतूने मी हे पीठ आणले. पिशवी उघडताच येणारा गव्हाचा ताजा, किंचित गोडसर वास आणि चिमटीत घेतल्यावर बोटांना जाणवणारी कोंड्याची बारीक कणी, या दोन्ही गोष्टींनी पहिल्याच दिवशी माझे मत चांगले झाले.

पहिला ब्रेड मात्र विटेसारखा झाला. पिशवीवर छापलेल्या कृतीत ५०० ग्रॅम पिठाला ३०० मिलिलिटर पाणी सांगितले आहे, म्हणजे पिठाच्या वजनाच्या ६० टक्के. हे प्रमाण मैद्याला चालून जाते. कोंडा मात्र पुष्कळ पाणी पितो आणि तेही सावकाश पितो, त्यामुळे मळताना पीठ ठीक वाटले तरी तासाभराने ते घट्ट होऊन बसते आणि ओव्हनमध्ये फुगायला त्याला वाव राहत नाही. शिवाय कोरड्या कोंड्याच्या धारदार कडा ग्लूटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाचे, धागे तोडतात. मी पाणी टप्प्याटप्प्याने वाढवत ३८० मिलिलिटरपर्यंत नेले, आणि मळण्याआधी नुसते पीठ व पाणी एकत्र करून ४५ मिनिटे झाकून ठेवू लागले. (पीठ असे भिजत ठेवण्याच्या रीतीला फ्रेंच बेकिंगतज्ज्ञ रेमों काल्व्हेल यांनी ‘ऑटोलीज’ हे नाव दिले.) या पाऊण तासात कोंडा मऊ पडतो, आणि यीस्ट व मीठ घालून तिंबायला घेतले की तेच पीठ हाताला रेशमासारखे लागते, ताणले तरी पटकन तुटत नाही. चौथ्या खेपेला ब्रेडला पहिल्यांदा नीट जाळी पडली. सुरी चालवली तेव्हा वरचे कवच करकरले आणि आतला भाग दाबून सोडल्यावर पुन्हा वर आला. त्या दिवशी झालेला आनंद मला अजून आठवतो. मीठही मी १० ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणले आहे आणि चवीत काही उणे वाटले नाही, कारण या पिठाला स्वतःची खमंग चव आहे.

आता ऋतूविषयी. यीस्टचे काम तापमानावर चालते. थंडीत माझ्या स्वयंपाकघरात १७ अंश सेल्सिअस असायचे, तेव्हा पीठ दुप्पट व्हायला तीन तास लागत. आता दुपारी २१ अंश असते आणि दोन तासांत काम होते. मैद्याचे पीठ थोडे जास्त फुगले तरी सावरून घेते. संपूर्ण गव्हाच्या पिठाची मात्र एकदा वेळ टळली की ते ओव्हनमध्ये बसते, आणि हे दोन ब्रेड वाया घालवून मी शिकले. म्हणून हल्ली घड्याळ बाजूला ठेवून बोटाची खूण पाहते: पिठात बोट हलके दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून आला की ओव्हन तापवायला घ्यावा. ऊन वाढू लागल्यापासून पाणीही गार घेते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेले पीठ तर चवीला सर्वांत उजवे ठरले. दीर्घ आंबवणीत कोंड्यातले फायटिक आम्ल कमी होते आणि त्यामुळे लोह, जस्त यांसारखी खनिजे शरीराला अधिक मिळू शकतात, हा त्यातला आणखी एक लाभ.

केकच्या बाबतीत माझे मत थोडे राखीव आहे. पूर्ण याच पिठाचा केक जड होतो आणि घासागणिक कोंडा जाणवतो. निम्मा मैदा, निम्मे हे पीठ, लोण्याऐवजी तेल आणि मिश्रण साच्यात ओतण्याआधी २० मिनिटांची विश्रांती, असे जमवल्यावर मात्र घरात कोणाला फरक कळला नाही. साखर २०० ग्रॅमवरून १५० ग्रॅमवर आणली तेव्हा केक उत्तम झाला. १२० ग्रॅमवर तो फिकट आणि कोरडा निघाला, कारण साखर गोडव्याबरोबर ओलावाही धरून ठेवते आणि रंगही आणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार मुक्त साखरेतून (वरून घातलेली साखर, तसेच मध व फळांच्या रसातली साखर) मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत. दहा तुकड्यांच्या केकमध्ये तुकड्यामागे १५ ग्रॅम साखर हा हिशेब मला पटतो. मफिनमध्ये पिकलेल्या केळ्याचा गर घातला तर साखर याहूनही कमी चालते.

तक्रारी दोन आहेत. छापील कृतीतले पाण्याचे प्रमाण उत्पादकाने सुधारायला हवे, कारण नवखा माणूस पहिल्याच ब्रेडनंतर पिठाला दोष देऊन मोकळा होईल. दुसरे म्हणजे, पिशवीवर दळल्याची तारीख ठळक छापली आहे खरी, पण पिशवी पुन्हा घट्ट बंद करण्याची सोय नाही. अंकुरातल्या तेलामुळे हे पीठ मैद्यापेक्षा लवकर खवट होते. पहिल्या पिशवीच्या तळाशी उरलेल्या पिठाला तसा वास येऊ लागला आणि ते टाकून द्यावे लागले. आता ऊबदार दिवस येत आहेत, तेव्हा मी लहान पिशवी घेते, आणल्याबरोबर पीठ हवाबंद डब्यात भरते आणि डबा फ्रीजमध्ये ठेवते. वापरायच्या आधी तासभर हवे तेवढे पीठ बाहेर काढून ठेवते, म्हणजे गार पिठामुळे यीस्ट मंदावत नाही. रोजच्या ब्रेडसाठी मी हेच पीठ पुन्हा आणणार आहे.