शोरूमचं फायनान्स की बँकेचं कर्ज?

गाडी कुठली घ्यायची हे तुमचं ठरलेलं आहे, असं धरून चालतो. सनरूफ हवं की नको, पेट्रोल की सीएनजी, यावरचे वाद घरात होऊन गेले असतील. घोडं अडतं ते त्याच्या पुढे. शोरूमवाला म्हणतो, लोन आमच्याकडूनच करा, व्याज कमी लावून देतो. आणि पगार जमा होतो ती बँकही कर्ज द्यायला तयार असते, पण तिचा दर जरा चढा दिसतो. म्हापशापासून मडगावापर्यंत कुठल्याही शोरूममध्ये जा, गाडी शेवटी याच प्रश्नावर येऊन थांबते. मी बँकेकडे गेलो. तुमचा हिशेब वेगळा निघू शकतो, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

शोरूमच्या फायनान्सची सोय खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. माणूस घरी येऊन कागद नेतो, सह्यासुद्धा बसल्याजागी होतात. चवथीला किंवा दसऱ्याला गाडी दारात हवीच असेल, तर हा रस्ता जवळचा. ज्यांची कमाई कागदावर सरळ दिसत नाही, म्हणजे गेस्ट हाऊस चालवणारे, हंगामी धंदा करणारे, बोटीवर जाणारे, त्यांना बँक दहा प्रश्न विचारते. फायनान्स कंपन्या तिथे बऱ्याचदा सैल असतात. माझ्या शेजाऱ्याने याच कारणासाठी शोरूमचं लोन घेतलं आणि तो समाधानी आहे.

कमी व्याजाची ऑफरही दरवेळी थापच असते असं नाही. व्याजातला फरक गाडीची कंपनी किंवा डीलर स्वतः भरतो. फक्त तो पैसा ज्या खिशातून येतो, त्याच खिशातून तुमची रोख सूट यायची असते. सहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं मुदत धरा. सात टक्क्यांनी हप्ता साधारण ११,८८० रुपये बसतो, नऊ टक्क्यांनी १२,४५५. पाच वर्षांत फरक साडेचौतीस हजारांच्या आसपास. आता शोरूमने व्याजाऐवजी भावातच तीस हजार कमी केले, तर कर्ज ५,७०,००० वर येतं आणि नऊ टक्क्यांनीही हप्ता ११,८३२ होतो. म्हणजे महागड्या दराचा हप्ता स्वस्त दरापेक्षा कमी! हे गणित मी शोरूममधल्या सोफ्यावर बसून मोबाईलवर केलं आणि तिथून पुढे ‘किती टक्के’ हा प्रश्न विचारणं सोडलं.

पण माझा कौल फिरला तो गणितामुळे नाही. एक आकडा धरायला गेलं की दुसरा हलायचा, याचा मला वैताग आला. ऑन-रोड भाव विचारला की सेल्समन म्हणायचा, “सर, तुमकां ईएमआय कितलो जाय तो सांगात, बाकीचें हांव पळयतां.” म्हणजे महिन्याचा हप्ता किती हवा ते सांगा, बाकीचं मी बघतो. मुलगा गोड बोलायचा, त्याच्यावर राग नाही. पण कोटेशनच्या कागदावर कर्जाची रक्कम आम्ही मागितली होती त्याहून जास्त. खाली बारीक अक्षरात कर्जसुरक्षा विम्याचा हप्ता, तोही कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्यावरही पाच वर्षं व्याज. तो काढायला सांगितला. काढला. नवीन कागदावर ‘स्पेशल डिस्काउंट’ जवळजवळ तेवढ्यानेच खाली आलेला. मग गाडीचा विमा बाहेरून घेतो म्हटलं, तर ॲक्सेसरीजची फुकट किट गायब आणि हँडलिंग चार्जेस हजर. बाजारात बांगड्यांचा वाटा घेताना निदान मासे डोळ्यांसमोर असतात, एखादा नरम निघाला तर बदलून मागता येतो. इथे वाट्यात काय काय आहे तेच कळेना. पाणी कुठेतरी मुरत होतं, पण कुठे ते मला शेवटपर्यंत सांगता आलं नसतं.

बँकेचं मंजुरीपत्र हातात घेऊन गेलो तेव्हा बोलणं एकाच आकड्यावर आलं. गाडीचा भाव किती, सूट किती, लेखी द्या. दुसऱ्या तालुक्यातल्या त्याच कंपनीच्या डीलरचं कोटेशनही सोबत होतं. घासाघीस झालीच, पण कशावर चाललीय ते तरी दिसत होतं.

बँकेची बाजू गुळगुळीत आहे असं मात्र समजू नका. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस म्हणजे डीलरचं कच्चं बिल, पगाराच्या स्लिपा, आयटी रिटर्न, पुन्हा एकदा तोच फोटो. साहेब रजेवर असले की फाईल तशीच पडून. पैसे बँक थेट डीलरला पाठवते, त्यामुळे मुहूर्ताच्या तोंडावर दोघांनाही फोन करत बसावं लागतं. ज्यांना हा जाच नको त्यांनी शोरूमचं लोन घ्यावं, पण आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागून घ्यावं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांना ते सक्तीचं केलं आहे. त्यात प्रोसेसिंग फीसकट खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. बँकेचा आणि शोरूमचा तोच आकडा शेजारी ठेवा. कोणी तोंडी ‘फक्त पाच टक्के’ म्हणत असेल तर तो फ्लॅट रेट आहे का, म्हणजे फेडून झालेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज लावणारा, ते विचारा. पाच वर्षांच्या कर्जाला फ्लॅट पाच म्हणजे घटत्या शिलकीवर नऊच्या थोडं वरच.

विम्याबद्दल एवढंच, की तो शोरूमकडूनच घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. ‘आमच्याकडून घेतला तरच कॅशलेस’, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनी परस्पर भरणार, हेही खरं नाही. कॅशलेस हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यात ठरलेलं असतं, पॉलिसी कोणी विकली त्यावर नाही. तुलना करताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) दोन्हीकडे सारखं आहे ना, ते बघा. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, लागतो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, तेव्हा ‘तो आम्ही परत मिळवून देतो’ ही काही सूट नव्हे.

मावसभावाला किती डिस्काउंट मिळाला होता, ते आता फारसं कामाचं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुने भाव डोक्यातून काढलेले बरे. वेळ निवडता येत असेल तर पितृपक्षात बोलणी करा. डिलिव्हरी कोणी घेत नसतं, शोरूम रिकामी, मॅनेजर स्वतः येऊन बसतो. बुकिंग तेव्हा, गाडी दसऱ्याला. डिसेंबरात सूट मोठी दिसते, पण १ जानेवारीला गाडी कागदोपत्री वर्षाने जुनी होते. दहा वर्षं वापरणार असाल तर हरकत नाही, तीन-चार वर्षांत विकणार असाल तर ती सूट तिथेच फिटली.

जुनी गाडी देणार असाल तर एक्स्चेंज बोनस, म्हणजे जुनी गाडी दिल्याबद्दलची वरची सूट, आणि त्या जुन्या गाडीची किंमत हे दोन आकडे वेगळे लिहून घ्या. बाहेर भाव जास्त मिळत असेल, तर विकून आरसी ट्रान्सफरचा कागद दाखवल्यावर बोनस देता का, हेही विचारा. काही ठिकाणी देतात.

राहता राहिली मुदतीआधी फेड. व्यक्तीने स्वतःसाठी घेतलेलं कर्ज बदलत्या दराचं असेल, तर त्यासाठी दंड लावता येत नाही. स्थिर दरावर लागू शकतो, आणि गाडीची बरीच कर्जं स्थिर दराची असतात. बँकेतलं माझं बदलत्या दराचं होतं. पगाराची थकबाकी हातात आली तेव्हा कर्जाचा मोठा भाग भरून टाकला, कुणाची परवानगी लागली नाही. कर्ज संपल्यावर एनओसी (बँकेचा ना-हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) शाखेतूनच हातात मिळाले, आरटीओत देऊन आरसीवरचा बोजा उतरवला. शेजाऱ्याची एनओसी मुंबईहून पोस्टाने यायची आहे, अजून वाट बघतोय.