ठरलं तर मग, दिल्ली क्राइम आणि आईला न ऐकू येणारे संवाद : काही महिन्यांच्या वापरानंतर

टीव्हीचा डावा स्पीकर गुरगुरायला लागला म्हणून कंपनीचा माणूस बोलावला, त्याने स्पीकर बदलला, पैसे घेतले आणि जाताना न विचारता सेट फॅक्टरी रीसेट करून गेला. त्या रात्री मालिका लागली आणि आई म्हणाली, टीव्ही अजून बिघडलेलाच आहे. चित्र एकदम झकास, गुरगुर गेलेली, मला सगळं नीट ऐकू येत होतं, पण तिला एक वाक्य धड कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर्व्हिसला फोन केला तर म्हणे मॅडम स्पीकर ओके आहे, आवाज वाढवून बघा. आवाज वाढवून भागत असतं तर फोन कशाला केला असता?

तेव्हापासून आमच्याकडे जी काही मालिका बघितली जाते तिची परीक्षा मी एकाच गोष्टीवर घेते, ती म्हणजे आईला संवाद कळतात की नाही. कथा, अभिनय वगैरे नंतर. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईची दिवसातली हक्काची करमणूक म्हणजे ती अर्ध्या तासाची मालिका, तीही तिला कळू नये याचा मला खरंच त्रास होतो.

स्टार प्रवाहवरच्या ठरलं तर मग बद्दल नव्याने काही सांगायची गरज नाही, डिसेंबर २०२२ पासून चालू आहे, रोजा या तमिळ मालिकेवरून बेतलेली आहे, नायिका सायलीच लहानपणी हरवलेली खरी तन्वी आहे हे घरातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. मी आईमुळे बघायला लागले आणि आता मला आवडते. सायली झालेली जुई गडकरी रडण्याच्या प्रसंगातही आवाज फार चढवत नाही, अमित भानुशालीचा अर्जुन वकील म्हणून कोर्टात उभा राहिला की बघायला मजा येते. तन्वी म्हणून वावरणाऱ्या प्रियाचं बिंग फुटता फुटता राहतं तो प्रकार मात्र फार ताणलाय, त्याबद्दल आईचं आणि माझं एकमत आहे.

पण सायलीला वाढवणाऱ्या मधुभाऊंच्या खटल्याच्या निकालाचे भाग चालू होते ना, तेव्हा मला खरी अडचण दिसली. विलासच्या खुनाचा आळ घेऊन तो माणूस किती काळ तुरुंगात, आणि शेवटी साक्षी शिखरेचं सगळं बाहेर येतंय, म्हणजे प्रेक्षक ज्याची वाट बघत होते तेच नेमकं चाललंय. अर्जुन बोलतोय, मागे ढोल, मध्येच व्हायोलिन, त्यावर तो धाडकन येणारा आवाज, आणि आई माझा हात धरून विचारतेय, "अगं काय म्हणाला तो?" मी सांगेपर्यंत पुढची दोन वाक्यं गेली, मग ती दोन सांगायची तोवर जाहिराती लागल्या. निकाल लागला, मधुभाऊ सुटले, आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कुठल्या पुराव्यावर सुटले ते मी रात्री जेवताना समजावून सांगितलं. इतके दिवस वाट बघितलेला प्रसंग तिला असा दुसऱ्याच्या तोंडून कळला.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ऑडिओलॉजिस्ट बाईंनी जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वयामुळे ऐकू कमी येतं म्हणजे सगळाच आवाज कमी होतो असं नाही. बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी जातात, म्हणजे स, श, ख, थ, फ असली व्यंजनं, आणि आ, ओ, ऊ हे स्वर चांगले ऐकू येतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे आईला कळतं पण काय बोलतंय ते कळत नाही, साठ, पाठ आणि काठ तिला सारखेच वाटतात. मागे संगीत असलं की उरलेली व्यंजनंही त्यात बुडतात. आवाज वाढवला की संगीतही तेवढंच वाढतं, फायदा शून्य, वर शेजारच्या काकूंचा फोन.

श्रवणयंत्र आहे तिच्याकडे, ते ३१२ नंबरचे तपकिरी पट्टीवाले सेल लागणारं. घरात बोलायला, फोनला छान चालतं. टीव्हीला मात्र ते ढोलही मोठा करून देतं, म्हणून मालिका लागली की ती काढून डबीत ठेवते. यंत्रावर हजारो रुपये घातलेत आणि नेमकी ज्याची तिला हौस त्या वेळी ते डबीत, हे बघून वाईट वाटतं.

मग नवरा म्हणाला साउंडबार घेऊ. घेतला, डायलॉग मोडवाला, म्हणजे संवाद स्पष्ट करणारा. पहिला महिनाभर मी सगळ्यांना सांगत होते की घ्याच, आईला फरक पडलाय. आता तसं सांगणार नाही. बातम्यांना फरक पडतो, कीर्तनाला पडतो, जिथे एकच माणूस समोर बघून बोलतो तिथे पडतो. मालिकेत संवाद आणि संगीत एकत्र मिसळूनच येतं, साउंडबार त्यातून संगीत वेगळं काढू शकत नाही, तो फक्त माणसाच्या आवाजाची पट्टी थोडी वर उचलतो आणि त्या पट्टीत व्हायोलिनही असतंच. एवढे पैसे फक्त बातम्यांसाठी घालण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा फुकटातली गोष्ट सांगते. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये स्पष्ट आवाज किंवा क्लिअर व्हॉइस अशा नावाचं काहीतरी असतं, आमच्या टीव्हीत ते आधी चालू होतं, बहुतेक भाच्याने लावलं होतं, आणि रीसेटमध्ये ते उडालं. तेच होतं आईच्या "बिघडलाय" चं कारण! सर्व्हिसवाल्यांना ते फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं. ते चालू करा, सराउंड बंद करा, बास खाली आणा, आणि टीव्ही भिंतीला टांगलेला असेल तर स्पीकर बहुतेक खाली किंवा मागे तोंड करून असतात, तेव्हा आईबाबांची खुर्ची शक्य तेवढी जवळ आणा. यातून कोर्टाचे प्रसंग नाही सुटत, पण घरगुती प्रसंग बरेच सुटतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दिल्ली क्राइम या पोलिसांवरच्या हिंदी मालिकेचा तिसरा सीझन नोव्हेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, मी रात्री एकटी बघत होते. शेफाली शाहची वर्तिका चतुर्वेदी ही बाई किती हळू बोलते हे ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, राजेश तैलंगचा भूपेंद्र तर आणखीच हळू. गाडीत, पोलीस ठाण्याच्या कोपऱ्यात, फोनवर, सगळं कुजबुजीत चालतं. घरातले झोपले म्हणून मी आवाज बारीक केला आणि खाली हिंदी ओळी, म्हणजे सबटायटल, चालू केल्या. आईला झोप येत नव्हती, येऊन बसली. मला वाटलं पाच मिनिटांत कंटाळून उठेल. ती बसली, वाचायला लागली, आणि थोड्या वेळाने मला म्हणाली, "ही हुमा कुरेशी खोटं बोलतेय, मघाशी वेगळंच म्हणाली होती." मी टीव्ही सोडून तिच्याकडेच बघत राहिले. तिने गेल्या कित्येक महिन्यांत मला एखाद्या संवादातला बारकावा दाखवला नव्हता, फक्त विचारलं होतं.

देवनागरी असल्यामुळे हिंदी वाचायला तिला काही त्रास नाही, शाळेत राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिलेल्या आहेत. पुढे तिने पहिल्या सीझनपासून सगळं बघितलं. पहिला सीझन २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेवरचा, बघवत नाही असा, मी तिला आधीच सांगितलं होतं, पण तिला बघायचंच होतं. २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं ते योग्यच होतं असं आता आम्ही दोघी म्हणतो. तिसऱ्यात मुलींच्या तस्करीचा विषय आहे, पकड पहिल्याएवढी नाही, पण रसिका दुगलची नीती सिंग आणि शेफाली शाह एका चौकटीत आल्या की मला बाकी काही लागत नाही.

म्हणजे बघा, कुजबुजणारी मालिका आईला शब्दन् शब्द कळते आणि घसा ताणून बोलणारी कळत नाही. मधला फरक फक्त खालच्या दोन ओळींचा.

इथे ठरलं तर मग च्या बाजूने एक बोललंच पाहिजे, कारण माझं मत बदललंय. एक वाक्य झालं की खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून दाखवायचे, याचा मला फार राग यायचा, वेळकाढूपणा वाटायचा. आता आईच्या शेजारी बसून बघताना लक्षात येतं की तिला अर्धी गोष्ट त्या चेहऱ्यांवरूनच कळते. कॅमेरा समोरून, चेहरा जवळ, ओठ दिसतात, आणि ऐकू कमी येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो. कालच्या भागातलं पुन्हा दाखवतात तेही तिला दुसरी संधी म्हणून उपयोगी पडतं. आणि पूर्णा आजी. ती भूमिका करणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट २०२५ मध्ये गेल्या तेव्हा आई दोन दिवस हळहळत होती, त्या जागी दुसरं कुणी आलेलं मी बघणार नाही म्हणाली. रोहिणी हट्टंगडी आल्या तेव्हा सुरुवातीला तिने खरंच तोंड फिरवलं. पण नाटकातून घडलेल्या बाईचा उच्चार, प्रत्येक अक्षर सुटं, वाक्याच्या शेवटी आवाज पडत नाही. काही आठवड्यांनी आई स्वतःच म्हणाली, "हिचं मला कळतं." आता आजी पडद्यावर असल्या की ती मला काही विचारत नाही. नव्या नटांना भूमिका देताना हे कुणी बघतं का? बघायला हवं, कारण संध्याकाळी घरोघरी टीव्हीसमोर बसणाऱ्यांत आईच्या वयाची माणसं किती असतात ते आपल्याला माहीतच आहे.

मध्यंतरी जुनी हेरकथांची मालिका ब्योमकेश बक्षी पण लावून बघितली, बासू चॅटर्जींचा, १९९३ चा. रजित कपूर आणि के. के. रैना एका खोलीत बसून बोलतात, एक बोलताना दुसरा गप्प, मागे जवळजवळ काही नाही. ओळी नसतानाही आईने बऱ्यापैकी पकडलं.

तर मराठी मालिकेला मराठी ओळी का नाहीत? मी ज्या ॲपचे वर्षाचे पैसे भरलेत तिथे चॅटवर विचारलं. आधी भाषा बदलून बघा म्हणाले, मग ॲप काढून पुन्हा टाका, मग टीव्ही बंद करून चालू करा, शेवटी या कार्यक्रमाला सुविधा उपलब्ध नाही, तुमची सूचना संबंधित विभागाला कळवली आहे. मी दर महिन्याला पुन्हा विचारते, दर महिन्याला तेच उत्तर.

आणि ही काही माझी हौस नाही. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात टीव्हीला कॅप्शन असावेत हे आलेलं आहे. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्ये ऐकू न येणाऱ्यांसाठी मानकं काढली, त्यात मनोरंजन वाहिन्यांनी आठवड्याला किमान एक कार्यक्रम ओळींसह दाखवावा असं म्हटलंय. आठवड्याला एक! रोज रात्री मालिका बघणाऱ्या बाईला आठवड्याला एक कार्यक्रम म्हणजे काय? जाहिरातींचा आवाज जास्त मोठा नको हेही १९९४ च्या केबल नियमांत आहे, आणि ब्रेक लागला की आमच्याकडे रिमोट शोधायची धावपळ होते.

हे अवघड असेल असं कुणी म्हणू नये. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी १९९९ मध्ये दूरदर्शनच्या गुजराती चित्रगीतवर गाण्यांखाली गुजराती शब्द दाखवायला सुरुवात केली होती, मग हिंदी चित्रहार आणि रंगोलीला, हेतू असा की जेमतेम वाचता येणाऱ्या माणसाचं वाचन गाणी बघता बघता पक्कं व्हावं. म्हणजे ज्या भाषेत ऐकतोय त्याच भाषेत खाली ओळी, ही गोष्ट आपल्याकडे पंचवीस वर्षांपूर्वी झालेली आहे. मालिकेचे संवाद तर कुणीतरी आधी लिहिलेलेच असतात, नटाच्या हातात कागद असतो. सेटवर शब्द बदलतात, मान्य, रोजच्या मालिकेला वेळ कमी असतो तेही मान्य, मग टीव्हीवर नका दाखवू, ॲपवर दुसऱ्या दिवशी तरी द्या, आई एक दिवस उशिरा बघेल.

सध्या आमची सोय अशी आहे की ठरलं तर मग ॲपवर लावायची, टीव्हीचा स्पष्ट आवाज चालू, कोर्ट किंवा भांडण आलं की मी थांबवून तिला वाक्य सांगते आणि पुन्हा लावते, अर्ध्या तासाचा भाग पाऊण तास चालतो. मी कामावर असले की आजींचे प्रसंग ती बघते आणि बाकीचं माझ्यासाठी ठेवते. साउंडबार बहिणीकडे दिलाय, तिच्या सासऱ्यांना कीर्तन ऐकायला. नेटफ्लिक्सचं पॅक मी मध्ये बंद करणार होते, महाग वाटत होतं, ते आता चालू ठेवलंय. दुसऱ्या ॲपचं वर्षाचं पॅक मार्चमध्ये संपतंय, त्याचं नूतनीकरण करणार नाही, ते पैसे बाजूला ठेवलेत आणि जे कुणी मराठी मालिकेखाली मराठी ओळी आधी देतील त्यांचं पॅक त्या दिवशी घेईन.