समरी रायटिंगचा ऑनलाइन कोर्स: खोडायला मस्त शिकवतात, लिहायला तितकंसं नाही

इंग्लिशच्या पेपरात समरी आली की माझं ठरलेलं असायचं, पॅसेजमधली बरी दिसणारी वाक्यं उचलायची, मधे कुठेतरी 'अँड' नाहीतर 'बट' घालायचं आणि मार्क कमी आले की पेपर तपासणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. शेवटी कंटाळून हा व्हिडिओ प्लस वर्कबुकवाला कोर्स घेतला, परवाच संपवला.

पहिली स्टेप, पेन खाली ठेवून आख्खा पॅसेज वाचा. किरकोळ वाटतं ना? पण मी पहिल्या ओळीपासून अंडरलाइन करत सुटायचो आणि शेवटी सगळाच पॅसेज रंगलेला. इथे वाचून झालं की लेखकाला नक्की काय म्हणायचंय ते एका वाक्यात सांगायचं, नाही जमलं तर परत वाचायचं.

खरी मजा खोडाखोडीत आहे आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच. उदाहरणं खोडा, कोट्स खोडा, तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत परत आली असेल तर ती पण खोडा. 'कार्स, बसेस अँड ट्रक्स'चं नुसतं 'व्हेइकल्स', 'ड्यू टू द फॅक्ट दॅट'च्या जागी 'बिकॉज', पाच शब्दांचा एक झाला! 240 शब्दांचा पॅसेज एक तृतीयांश करा म्हटलं की 80 शब्द उरतात, आणि ते वाक्यं आखूड करून होत नाही हो, मुद्देच कमी करावे लागतात, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. आकडे मात्र सरसकट खोडू नका, पॅसेज एखाद्या प्रयोगावर असेल तर कधीकधी तो आकडा हाच मुद्दा असतो, हे कोर्समध्ये फार उशिरा सांगितलंय.

मग पॅसेज झाकून फक्त नोट्सवरून लिहायचं. याने कॉपी करायची सवय सुटली, पहिले दोन दिवस हात चालत नाही एवढंच.

आता रडगाणं. स्वतःच्या शब्दांत लिहा म्हणतात आणि हातात देतात समानार्थी शब्दांची यादी. मी इमानदारीत 'हेवी रेन'मधल्या 'हेवी'ला यादीतला 'वेटी' लावला, 'वेटी रेन' असं इंग्लिशमध्ये कोणी म्हणत नाही! शब्द बदलण्यापेक्षा वाक्य फिरवायला शिकवायला हवं होतं, म्हणजे 'मेनी पीपल डाय बिकॉज ऑफ स्मोकिंग'चं 'स्मोकिंग किल्स मेनी'.

पीटीई, म्हणजे परदेशी जाण्यासाठी देतात ती इंग्लिशची परीक्षा, देणाऱ्यांनी जरा जपून. तिथे 10 मिनिटांत एकच वाक्य लिहायचं असतं, 5 ते 75 शब्दांत, मधे फुलस्टॉप पडला की खेळ खल्लास. 'व्हाइल', 'विच' वापरून मुद्दे एका वाक्यात कसे गुंफायचे यावर कोर्समध्ये जेमतेम एक व्हिडिओ आहे.

आणि वर्कबुकच्या मागे प्रत्येक पॅसेजला एकच नमुना उत्तर, आपलं वेगळं आलं तर ते चुकलं की चालेल हे कळायला मार्ग नाही. मी मैत्रिणीला पॅसेज न दाखवता माझी समरी वाचायला द्यायला लागलो, तिला विषय कळला तर टिक, नाहीतर परत खोडाखोडी.