ग्रेव्हजचा आजार: गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन की शस्त्रक्रिया?

भूक वाढलेली असूनही वजन उतरते, दादरचा पूल चढताना छाती धडधडते आणि समोर ताठ धरलेल्या बोटांवर साधा कागद ठेवला तर तो पंखा बंद असतानाही थरथरत राहतो. अशा वेळी रक्तात टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक) जवळजवळ शून्य, टी३ आणि टी४ (थायरॉइडची स्वतःची संप्रेरके) वाढलेले आणि पेशींवर टीएसएच जिथे जोडला जातो त्या ग्राहकाविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आढळली, तर निदान ग्रेव्हजच्या आजाराचे होते, म्हणजे ही प्रतिपिंडे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला गरजेपेक्षा जास्त चेतवत असतात. त्यानंतर डॉक्टर गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन आणि शस्त्रक्रिया हे तीन उपचार समोर ठेवतात आणि ‘विचार करून सांगा’ म्हणतात. रुग्णाला ही टाळाटाळ वाटते, पण ती तशी नाही. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनीही तिन्ही उपचार योग्य मानून निवडीत रुग्णाच्या पसंतीला जागा ठेवली आहे. माझे मत असे की, मुंबईत राहणाऱ्याने यशाची टक्केवारी पाहण्याआधी आपले डोळे, मुलाबाळांचा विचार आणि घरातल्या खोल्या यांचा हिशेब मांडावा.

त्याआधी निदान पक्के असल्याची खात्री करून घ्यावी. थायरॉइडला सूज आली तरी साठलेले संप्रेरक रक्तात उतरते आणि आकडे अगदी तसेच दिसतात; मात्र ती अवस्था बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि तिच्यावर कार्बिमाझोल या ग्रेव्हजच्या गोळीचा उपयोग नसतो. प्रतिपिंडांची तपासणी किंवा ग्रंथी किती काम करते ते दाखवणारा टेक्नेशियम स्कॅन केल्यावर हा फरक कळतो. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या. काही तपासणी पद्धतींत त्यांच्यामुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी४ खोटाच वाढलेला दिसतो, त्यामुळे रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात.

गोळ्यांचा मार्ग सर्वांत सौम्य वाटतो, आणि बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. आपल्याकडे मिळणारे कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर मेथिमाझोल बनते आणि ग्रंथीतील संप्रेरकाची निर्मिती रोखते. ग्रंथी जागेवर राहते आणि आजार कायमचा शमला तर पुढे कोणतीही गोळी लागत नाही, हा याचा खरा मोठा लाभ आहे. अडचण अशी की, बारा ते अठरा महिन्यांचा नेहमीचा क्रम संपवून गोळी थांबवल्यावर सुमारे निम्म्या रुग्णांत आजार परततो. गोळी थांबवताना प्रतिपिंडे वाढलेलीच असतील, तर परतण्याची शक्यता अधिक. तेहरानमधील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत कमी मात्रेतील मेथिमाझोल पाच ते दहा वर्षे चालू ठेवले, तेव्हा ते थांबवल्यानंतरच्या चार वर्षांत सुमारे १५ टक्के रुग्णांत आजार परतला. नेहमीच्या मुदतीच्या गटात हेच प्रमाण ५३ टक्के होते. त्यामुळे ‘दीड वर्षात गुण आला नाही, म्हणजे गोळ्या फसल्या’ हे समीकरण आता तितकेसे खरे राहिलेले नाही. सुरुवातीला दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि टीएसएच कित्येक महिने दबलेलाच राहत असल्याने मात्रा टी३ व टी४ पाहून ठरते. रिपोर्टवरचा तो एकच लाल आकडा पाहून घाबरण्याचे कारण नसते.

गोळ्यांचा एक दुर्मीळ पण गंभीर धोका मात्र मुंबईकराने विशेष लक्षात ठेवावा. साधारण हजारात दोन ते पाच जणांत, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी जवळजवळ नाहीशा होतात, आणि त्याची पहिली खूण ताप व घसादुखी हीच असते. जुलैमध्ये या शहरात घरोघरी कोणी ना कोणी तापलेले असते, त्यामुळे ‘व्हायरल असेल’ म्हणून पॅरासिटामॉल घेऊन झोपण्याची सवय इथे घातक ठरू शकते. कार्बिमाझोल चालू असताना ताप आला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्यावी.

किरणोत्सारी आयोडीनची भीती नावामुळे वाटते तेवढी वास्तवात नाही. बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली पहिल्यांदा हा उपचार केला. परळमधील भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासूनचे, तर आयोडीन-१३१ हे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते; थोडक्यात, हा उपचार या शहराला परका नाही. थायरॉइड रक्तातले आयोडीन स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे तोंडाने घेतलेली मात्रा नेमकी तिथे पोहोचते आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरातल्या पेशी नष्ट करते. या आयोडीनचा अर्धायुकाळ, म्हणजे त्याची किरणोत्सारिता निम्मी होण्याचा काळ, आठ दिवसांचा असल्याने ते साठवून ठेवता येत नाही. मात्रा ठरलेल्या तारखेसाठी मागवलेली असते आणि तारीख चुकवली तर ती वाया जाते. परिणाम दिसायला सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत काळ जातो, तोवर धडधडीसाठी वेगळी गोळी घ्यावी लागते. काही रुग्णांना दुसरी मात्रा लागते.

खरी अडचण घरी परतल्यावर सुरू होते. मात्रेनुसार काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत एकट्याने झोपावे लागते, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर राखावे लागते आणि शौचालय वापरल्यावर भरपूर पाणी सोडावे लागते. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे रात्री चौघांच्या गाद्या एकमेकींना लागून पडतात आणि दोन वर्षांचे मूल आईच्या कुशीशिवाय झोपत नाही, तिथे ‘अंतर ठेवा’ या सूचनेला काय अर्थ उरतो? माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने मुलाला तीन आठवडे आजोळी पाठवले, तेव्हा कुठे हे साधले. आजोळ नसेल, तर हा मुद्दा तारीख घेण्याआधी डॉक्टरांसमोर स्पष्टपणे मांडावा. गरोदरपणात हा उपचार पूर्ण वर्ज्य आहे, आणि स्तनपान किमान सहा आठवडे आधी थांबवावे लागते.

डोळ्यांचा प्रश्न तर मी सर्वांत वर ठेवीन. ग्रेव्हजमध्ये डोळे पुढे येणे, सुजणे, दोन-दोन दिसणे अशा तक्रारी होऊ शकतात, आणि किरणोत्सारी आयोडीनने त्या वाढण्याची शक्यता असते. इटलीतील १९९८ च्या चाचणीत हा उपचार घेतलेल्या सुमारे १५ टक्के रुग्णांत डोळ्यांचा आजार नव्याने दिसला किंवा बळावला, मेथिमाझोलच्या गटात हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते, आणि आयोडीनसोबत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिलेल्या गटात तो कोणाचाच बळावला नाही. म्हणून डोळ्यांची तक्रार तीव्र असेल तर आयोडीन टाळावे, आणि सौम्य असेल तर स्टेरॉइडच्या आवरणाखालीच घ्यावे. जो सिगारेट ओढतो त्याचा धोका आणखी वाढतो, आणि इथे ‘दिवसाला दोनच’ ही सबब चालत नाही.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण तिचा हिशेब सरळ आहे. संपूर्ण ग्रंथी काढली की आजार परतत नाही आणि निकाल काही दिवसांत लागतो. ग्रंथीत कर्करोगाचा संशय येईल अशी गाठ असेल, गळा फुगून श्वास किंवा गिळणे अडत असेल, किंवा डोळ्यांमुळे आयोडीन नको असेल, तर हाच मार्ग उजवा ठरतो. स्वरयंत्राच्या नसेला कायमची इजा आणि थायरॉइडला लागून असलेल्या, रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या परावटू ग्रंथी निकामी होऊन आयुष्यभर कॅल्शियम घेण्याची वेळ, हे त्याचे दोन मुख्य धोके. अनुभवी हातांत प्रत्येकी एक-दोन टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेतील २०१७ च्या एका अभ्यासात वर्षाला २५ पेक्षा अधिक थायरॉइड शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदांच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळली. तेव्हा नामांकित रुग्णालयाच्या पाटीपेक्षा ‘डॉक्टर, वर्षाला अशा किती करता?’ हा प्रश्न मोलाचा, आणि तो विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

शस्त्रक्रियेनंतर सर्वांना, आणि आयोडीननंतर बहुतेकांना, पुढे रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन (थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी) घ्यावे लागते. याला मी उपचाराचे अपयश म्हणणार नाही. स्थिर मात्रेची ती गोळी कार्बिमाझोलपेक्षा सांभाळायला सोपी असते. तरीही स्वीडनमधील २०१९ च्या अभ्यासात, उपचारानंतर सहा ते दहा वर्षांनी विचारले असता, आयोडीन घेतलेल्यांनी आपले जीवनमान इतर दोन्ही गटांपेक्षा कमी असल्याचे नोंदवले. तिथे रुग्णांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे दोष उपचाराचाच असे म्हणता येत नाही. पण दोन्ही पारडी समान असतील, तर तरुण रुग्णासाठी मी प्रथम गोळ्यांनाच झुकते माप देईन.

मूल हवे असेल, तर हे सारे गणित पुन्हा मांडावे लागते. पहिल्या तिमाहीत कार्बिमाझोलने गर्भात दोष निर्माण होण्याचा धोका असतो, म्हणून त्या काळात औषध लागलेच, तर प्रोपिलथायोयुरासिल दिले जाते, ज्याचा यकृतावर क्वचित गंभीर परिणाम होतो. आयोडीननंतर किमान सहा महिने गर्भधारणा लांबवावी लागते, आणि प्रतिपिंडे त्यानंतर काही महिने उलट वाढतात. वर्षभरात मूल हवे असलेल्या स्त्रीला म्हणूनच शस्त्रक्रिया अनेकदा सोयीची पडते. ग्रंथी काढली किंवा जाळली तरी ही प्रतिपिंडे रक्तात राहू शकतात आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचून त्याच्या थायरॉइडला चेतवू शकतात. त्यामुळे दहा वर्षांनी दुसऱ्या रुग्णालयात नाव नोंदवतानाही, ‘मला थायरॉइड आहे’ एवढेच न सांगता, ग्रेव्हजच्या निदानाचा तो जुना रिपोर्ट फाइलमधून काढून प्रसूतितज्ज्ञांसमोर ठेवावा.